भिंगमामांच्या नाकावरचे जंतू

भिंगमामांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: संशयित आणि भिंगमामा. नजर घारीची, बुद्धी धारदार, आणि नाकाबद्दल तर ते तासभर बोलत. या नाकाला भिंतीपलीकडच्या गुन्ह्याचाही वास येतो, असं ते स्वतःच सांगत; दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं. परवापर्यंत त्याच नाकाच्या शेंड्यावर एक टपोरी पुटकुळी ऐटीत बसली होती.

भाचीचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. संत्र्याच्या सालीच्या अर्कानं मुरमांचे जंतू मरतात का, हा तिचा कॉलेजातला प्रकल्प. जंतू तिनं मामांच्याच पुटकुळीवरून कापसाच्या काडीनं टिपून नेले होते. काही काचेच्या बशांत अर्क घातला, काही नुसत्याच ठेवल्या. आता सगळ्याच बशा कोऱ्या करकरीत!

"मग झालं की! जंतू खलास," मामा म्हणाले.

"अरे मामा, अर्क न घातलेल्या बशीत तरी ते वाढायला हवेत ना! नाहीतर सालीनं मारले हे कशावरून? मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर विषय बदल. किती साली वाळवल्यात मी!"

मामा भिंग घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले. शेजारच्या टेबलावरची मुलगी लिंबाच्या सालीवर काम करते, हे कळताच ते कुजबुजले, "संत्रं आणि लिंबू. सरळसरळ भाऊबंदकी!"

"तिनंच मला बशा उसन्या दिल्यात."

"मग तो मदतनीस. मघापासून सारखे हात धुतोय. कसला पुरावा धुतोय?"

"इथे सगळेच हात धुतात, मामा. तूही धू."

मामांनी निमूटपणे हात धुतले. जंतू खिडकीतून पसार झाले असावेत, हा तिसरा तर्क त्यांनी भाचीला घेऊन घरी येईपर्यंत राखून ठेवला. तो ऐकून भाचीचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र मामांना खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात मामी कपाट उचकून बाहेर आल्या. "माझ्या मुरमांच्या मलमाची ट्यूब कुणी संपवली?"

"एका वेळी एकच केस," मामा घाईघाईनं म्हणाले.

मामींनी त्यांचं नाक निरखलं. "पुटकुळी बरी बसली हो! हिनं काडी फिरवली त्या दिवशी मलम लावलं होतं?"

"थोडंसं. म्हणजे, दोनदा. गुप्तहेराच्या नाकावर खूण असली की ओळख पटते."

भाचीनं कपाळावर हात मारला आणि डोळे पुसता पुसता खो खो हसत सुटली.

मलम बंद झालं. ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता, तोही मामांनी पुढे ढकलला. पुटकुळी पुन्हा बहरली, भाचीनं पुन्हा काडी फिरवली, नुसत्या बशीत जंतूंचे ठिपकेच ठिपके उठले आणि सालीच्या अर्काभोवती छोटंसं स्वच्छ वर्तुळ दिसलं. विषय वाचला.

सादरीकरणाच्या दिवशी मॅडमनी विचारलं, "इतके जोमदार जंतू मिळाले कुठे?"

"माझ्या मामाच्या नाकावर. त्याच्यासारखं नाक नाही, मॅडम!"

मागच्या रांगेत मामा ताठ उठून उभे राहिले. त्यांच्या नाकाबद्दल आज पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी बोललं होतं.