काळ्या भुकटीचा दीड महिना

नातीने दात पांढरेशुभ्र व्हावेत म्हणून कोळशाच्या भुकटीची मोठी बरणी मागवली. आठवड्याभरात दात होते तसेच राहिले, बेसिन मात्र काळं झालं. नात बरणी तिथेच सोडून शिकायला परत गेली. कंपाउंडरआजोबांनी चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं आणि त्यांची कळी खुलली.

“अगं, हे तर आपल्या दवाखान्यातलं काळं औषध!” त्यांनी आजीला हाक मारून सांगितलं.

अडतीस वर्षं ते दवाखान्याच्या खिडकीआड उभे राहिले होते. औषधं घोटायची, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी डकवायची आणि “हलवून घ्या हो!” असं दिवसातून शंभरदा ओरडायचं. एकदा एका चिमुरडीने तिच्या आजीच्या झोपेच्या गोळ्या खाऊ समजून खाल्ल्या होत्या. म्हातारे डॉक्टर एवढंच म्हणाले, “काळं घोटा, लवकर!” आजोबांनी भराभर घोटलं. पोरीने निम्मं गिळलं, निम्मं त्यांच्या सदऱ्यावर थुंकलं. दुसऱ्या दिवशी ती बाकाखाली लपून त्यांना भॉक करत होती. तो सदरा पुन्हा कधी पांढरा झाला नाही, आणि आजोबांनी तो टाकलाही नाही.

आता निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि गोळ्या आयत्या पाकिटात मिळत होत्या. आजोबांनी माळ्यावरून जुना खल काढला.

“गॅसवर अक्सीर आहे,” ते आजीला म्हणाले. “उद्यापासून दोघांना एकेक डोस.”

“मला कुठे गॅस आहे?”

“असतो. कळत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की आजोबा लगेच खल घेऊन बसायचे. दोन पेल्यांत काळं पाणी ओतायचे. स्वतः उभ्या उभ्या प्यायचे, आजी आपला पेला घेऊन गॅलरीत जायची.

“कसं वाटतंय?”

“हलकं वाटतंय हो,” आजी तिथून म्हणायची. आजोबा दिवसभर शीळ घालत फिरायचे.

पण पंधरा दिवसांनी आजोबांचा रक्तदाब वर गेला. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गादीवर आता त्यांची सून बसत असे. तिने गोळीचा डोस वाढवला. आणखी पंधरा दिवसांनी तो आणखी वर! तिने पुन्हा डोस वाढवला आणि विचारलं, “काका, आणखी काही घेता का?”

“छे! औषध म्हणाल तर हेच,” आजोबा छातीठोकपणे म्हणाले. आपण स्वतः घोटलेलं काही औषधात मोजायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग बरणी संपली. चौथ्या दिवशी आजोबा खुर्चीवरून उठले आणि घर गरकन फिरलं. आजीने त्यांना कसंबसं धरून खाली बसवलं, रिक्षा बोलावली.  वाटेत तिने त्यांचा हात सोडला नाही.

“रक्तदाब पार खाली गेलाय!” डॉक्टरीणबाई दचकल्या. “काय बदललंत?”

“काही नाही. फक्त काळं संपलं.”

“काळं?”

आजोबांनी सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो काका, कोळशाला विष आणि औषध यातला फरक कळतो का? पोटात दिसेल ते धरून ठेवतो! माझी गोळी तो रोज गिळत होता आणि मी डोस वाढवत होते. तो गेला आणि सगळा डोस तुम्हाला लागला. हे तर तुम्हीच लोकांना सांगायचात ना?”

आजोबांची मान खाली गेली. “सांगायचो,” ते पुटपुटले. “पण सकाळी उठून काही घोटायचं असलं की... दवाखाना उघडल्यासारखं वाटायचं.”

बाईंचा आवाज खाली आला. त्यांनी गोळी पूर्वीइतकी करून दिली, आजोबांना अर्धा तास झोपवून ठेवलं. मग त्या आजीकडे वळल्या. “काकू, तुम्हीही रक्तदाबाची गोळी घेता. हात द्या बघू.”

आजीचा रक्तदाब अगदी जागच्या जागी होता.

“असं कसं?” आजोबा कॉटवरून ताडकन उठायला गेले. “ही तर माझ्या बरोबरीने दीड महिना घेत होती!”

आजी पदराशी चाळा करू लागली. “मी कुंडीत ओतत होते.”

“आणि रोज हलकं वाटतंय म्हणायचीस ते?”

“तुम्ही इतके खुशीत घोटायचात! तुमच्याकडे बघून वाटायचं खरंच.”

आजोबांना रागवावं की हसावं कळेना. 

“झाड कसं आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“टवटवीत.”

“बघ,” आजोबा डोळे मिटून समाधानाने म्हणाले, “पेशंटने ऐकलं की गुण येतोच.”