रशियाच्या बर्फात अळीव

जयवंत परबचं डोकं फिरलं ते एका वाक्याने. दादरला एका हॉलमध्ये दिवाळी संपली की येणाऱ्या रविवारी मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरतं. रणगाडे, विमानं, जहाजं, सगळं तळहातावर मावेल एवढं. गेल्या वर्षी तिथले परीक्षक हर्षवर्धन कर्णिक यांनी जयवंतचा रणगाडा भिंगातून पाहिला, मान डोलावली आणि भिंग खिशात टाकता टाकता म्हणाले, "रणगाडा झकास हो. पण जमीन? अहो परब, ही जमीन नाही, हे कॅरमबोर्ड आहे."

कॅरमबोर्ड! आणि हे चारचौघांत, हातात समोसा धरून! जयवंत घरी आला तो धुमसतच. (जेवला मात्र व्यवस्थित. सुरमई होती.) हात धुता धुता त्याने बायकोला, म्हणजे दर्शनाला, जाहीर केलं, "पुढच्या वर्षी अशी जमीन करतो की कर्णिक चपला काढून उभे राहतील."

"आधी तुमच्या चपला गॅलरीतून उचला," दर्शना म्हणाली. "येणारे-जाणारे अडखळतायत."

विषय ठरला: दुसरं महायुद्ध, रशियाची आघाडी, ऐन हिवाळा. आता लालबागच्या चाळीत जन्मलेल्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध किती? जयवंतने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो कोळणीच्या पाटीतला आणि गोळेवाल्याच्या रंध्याखालचा. थंडी म्हणाल तर लोअर परळच्या ऑफिसातल्या एसीची. पण पठ्ठ्या मागे हटला नाही. रात्रंदिवस व्हिडिओ बघून त्याने ठरवलं की बर्फ हा शेवटचा थर. खरी मेख खालच्या चिखलात आहे.

मग काय, मे महिन्यात गावाहून येताना लोक आंबे आणतात, फणस आणतात. ह्याने गोणीभर माती आणली. घरात चहाचा चोथा गाळणीत राहीना, नारळाची शेंडी कचऱ्यात जाईना. सगळं ह्याच्या ट्रेमध्ये. चोथा म्हणजे कुजलेला पाला, शेंडी म्हणजे सुकलेली झुडपं. एका कडेला टेकडी, टेकडीवर टेहळणीची चौकी, खाली चाकोऱ्यांत रुतलेला रणगाडा आणि भोवती बोटभर उंचीचे कुडकुडणारे सैनिक. एकेकाच्या नाकाचा शेंडा ह्याने थंडीने लाल झालेला रंगवला होता. वर बर्फ म्हणून पांढरी रांगोळी चाळून घातली. छान दिसत होतं हो, खोटं कशाला बोला! फक्त सगळं घट्ट चिकटावं म्हणून शेवटचा डिंकाचा हात मारायचा राहिला होता, आणि तो माती पूर्ण सुकल्याशिवाय मारता येत नाही.

नेमकं तेव्हाच ऑफिसने त्याला ट्रेनिंगसाठी नाशिकला धाडलं. तेही दिवाळीच्या तोंडावर! साहेबाला शिव्या घालत जयवंतने ट्रे गॅलरीत जुन्या शिलाई मशीनवर ठेवला आणि आईला, मालनबाईंना, बजावलं, "आई, ह्याला कुणी हात लावायचा नाही. सावकाश सुकू दे. हे युद्ध आहे, कळलं?"

"मेल्या, मला काय युद्ध कळत नाही?" मालनबाई म्हणाल्या. "जा तू. मी आहे ना."

जयवंत निर्धास्त गेला. इथेच चुकलं. आईने "मी आहे ना" म्हटलं की कुठल्याही मुलाने प्रवास रद्द करायला हवा.

तो परतला तेव्हा गॅलरीत कंदील लागले होते, चकलीचा वास सुटला होता. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो आधी शिलाई मशीनकडे गेला. आणि जागच्या जागी थिजला. रशिया हिरवागार झाला होता!

बर्फातून गवत उगवलं होतं. नुसतं उगवलं नव्हतं, डोलत होतं. रणगाड्याच्या पट्ट्यांतून गवत, सैनिकांच्या बगलेतून गवत. रांगोळीचा बर्फ जागोजागी पाण्याने बसून त्याखालून काळा चिखल वर आला होता. रणगाड्याला ढाल-तलवारवाल्या मातीच्या मावळ्यांनी घेरलं होतं. आणि टेकडीवर, चौकी बाजूला सारून, सिंहासनावर साक्षात महाराज बसले होते. गळ्यात झेंडूचं फूल. समोर पणती.

"आई!" जयवंतच्या ओरडण्याने दोन मजल्यांवरची दारं उघडली. "हे कुणी केलं?"

मालनबाई पदराला हात पुसत आल्या. "काय रे? आवडलं नाही?"

"हे गवत!"

"गवत नाय रे, अळीव. तुझ्या बहिणीच्या, श्रेयाच्या बाळंतपणात लाडवांना आणलेले उरले होते, तेच पेरले. किल्ल्याला हिरवळ नको? नुसता भुंडा ठेवून गेलास. माती तडकायला लागली होती. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं म्हणून टिकला तुझा किल्ला."

"किल्ला? आई, हा किल्ला नाही! हा रशिया आहे! रशियाचा हिवाळा!"

"दिवाळीत मातीत हात घालून बसलेला माणूस दुसरं काय करणार?" मालनबाईंना प्रश्नच कळेना. "लहानपणापासून करतोस. मध्ये काही वर्षं केला नाहीस, मला वाटलं परत हौस आली. आणि वर पीठ कसलं सांडून ठेवलं होतंस? मी झाडणार होते, पण म्हटलं नको, तू हात लावू नको म्हणालास."

हात लावू नको म्हणालास! जयवंतला आपलंच डोकं मशीनवर आपटावंसं वाटलं.

शेजारच्या बकुळाकाकू पुढे आल्या. "मावळे आमचे हो. माळ्यावर नुसते पडून होते. एकाची तलवार मोडलीये, त्याला मागे ठेवलाय. आणि हे टोपीवाले गनीमच ना? म्हटलं, एवढे गनीम आणि आपला माणूस एकही नाही, हे काय बरं दिसतं?"

"काकू, रशियात मावळे कुठून येतील?"

"का? महाराजांना अशक्य काय होतं?" काकूंनी विचारलं, आणि गॅलरीतल्या सगळ्यांनी जयवंतकडे रोखून पाहिलं.

पण प्रदर्शन डोक्यावर आलेलं. वर्षभर कर्णिकांचं कॅरमबोर्ड कानात वाजत होतं. त्याने चिमट्याने अळिवाचं एक रोप उपटून पाहिलं. त्याच्याबरोबर मूठभर रशिया आणि एक सैनिक उपटून आला. म्हणजे गवत निघणार नव्हतं. निदान मावळे तरी काढावेत म्हणून त्याने दोघातिघांना उचललं, बकुळाकाकूंच्या हातात दिलं (काकूंनी ते त्याची पाठ वळताच परत ठेवले) आणि मग हात टेकडीकडे नेला.

"जयवंता," मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "महाराजांना गादीवरून उठवणार तू?"

जयवंतचा हात हवेतच राहिला. तो मॉडेलवाला नंतर, आधी लालबागचा होता. त्याने हात मागे घेतला, उगीच गळ्यातलं फूल नीट केलं आणि नमस्कार करून घरात गेला.

"मी जाणारच नाही," त्याने भाऊबीजेला जाहीर केलं. "माझी माती केली ह्या लोकांनी!"

"सहा महिने घरभर चहाचा चोथा वाळत घातलात, आणि आता नाही जाणार?" दर्शना उसळली. "ते काही नाही. जायचं. हसले तर हसले. पण हा ट्रे एकदा घराबाहेर जाऊ दे."

मग निघाली वरात. महाराज एकटे कसे जाणार, म्हणून मालनबाई ठेवणीतली साडी नेसून टॅक्सीत बसल्या, मांडीवर ट्रे. टॅक्सीवाल्याने आरशातून महाराजांना पाहिलं, हात जोडले आणि दादरपर्यंत गाडी अशी हाकली की हातगाड्या पुढे गेल्या.

हॉलमध्ये जयवंत खांबाआड उभा राहिला. आजूबाजूला काय एकेक कामं! परदेशातून मागवलेला बर्फ, पाकिटातलं विकतचं गवत. आणि मधोमध ह्याचा हिरवा रशिया, शेजारी खुर्ची टाकून बसलेली आई. कर्णिक एकेक टेबल करत आले. थांबले. भिंग काढलं. मग वाकले. मग चक्क गुडघ्यावर बसले. जयवंतने डोळे मिटून घेतले.

"अप्रतिम!" कर्णिक ओरडले. "अहो, इकडे या सगळे! आजवर सगळ्यांनी गोठलेला रशिया केला. हा बर्फ वितळतोय! बघा, खालून चिखल वर आलाय आणि त्यातून पहिलं गवत डोकं काढतंय. हिवाळा संपण्याचा क्षण पकडलाय माणसाने! आणि हे गवत, त्याची पानं बघा. हे जिवंत वाटतंय!"

"जिवंतच आहे ते," मालनबाई म्हणाल्या.

"आणि स्केल?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "महाराज रणगाड्यापेक्षा मोठे दिसतायत."

"महाराजांच्या स्केलबद्दल ह्या हॉलमध्ये कोण बोलणार आहे?" कर्णिक म्हणाले. (गेल्या वर्षी ह्याच कर्णिकांनी जयवंतची एक बादली स्केलपेक्षा मोठी म्हणून मार्क कापले होते!)

जयवंत खांबाआडून निघाला. छाती आपोआप पुढे आली. शेवटी कळली ना किंमत! हिवाळा संपण्याचा क्षण पकडायचा हे आपल्या मनात पहिल्यापासूनच होतं, असं त्याला आता खरोखर वाटायला लागलं. केसांवरून हात फिरवत तो टेबलापाशी पोचला.

"ही जमीन कशी साधली?" कर्णिक विचारत होते.

"त्याचं असं आहे सर," जयवंतने घसा खाकरला, "मी बराच अभ्यास..."

"पाणी जास्त नाय घालायचं," मालनबाई केव्हाच सुरू झाल्या होत्या. "अळीव आधी भिजवायचे, बुळबुळीत झाले की बोटाने लावायचे. टाकायचे नाहीत, लावायचे. आणि ऊन सकाळचंच."

कर्णिक ते लिहून घेत होते. मागे उभे असलेले मॉडेलवाले मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. एकाने विचारलं, अळिवाऐवजी मोहरी चालेल का. मालनबाईंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

संध्याकाळी उत्कृष्ट जमिनीचं बक्षीस जाहीर झालं: श्रीमती मालन परब, लालबाग. टाळ्या थांबेनात. जयवंतचा रणगाडा, त्याच्या पट्ट्यांचा गंज, ती लाल नाकं, ह्यांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. एका परीक्षकाने तर तो रणगाडा गवताची उंची कळावी म्हणून ठेवलाय असा समज करून घेतला होता. जयवंत रागाने लालबुंद होऊन आईची पिशवी आणि चपला सांभाळत स्टेजखाली उभा होता.

स्टेजवर मालनबाईंना शाल दिली. पुढच्या महिन्यात नवशिक्यांसाठी वर्ग घ्यायची विनंती झाली आणि त्यांनी ती मान्यही केली. फोटोच्या वेळी कर्णिकांचं लक्ष खाली गेलं. गेल्या वर्षीचे 'अहो परब' ते साफ विसरले होते.

"हे कोण? तुमच्याबरोबर आलेत का?"

"तो होय?" मालनबाई कौतुकाने हसल्या. "माझा मुलगा. त्यालाही ह्याची थोडी थोडी आवड आहे हो. वर्गात घ्याल का त्याला?"