बायकांशी हरणारे दिगूकाका

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत लिफ्टपाशी दिगूकाका दिसले, की पुरुषमंडळी आधीच हात वर करतात. नाहीतर काका हातात जे असेल ते पुढे करतात. काठी, छत्री, बाजारातून येत असतील तर पडवळसुद्धा. आणि म्हणतात, "वार कर!"

समोरच्याने गंमत म्हणून नुसती पिशवी उगारली, तरी पुढच्या क्षणी त्याच्या मनगटावर टोला बसलेला असतो. वर काका प्रेमाने विचारतात, "चूक खंय झाली, सांगू?" आमचे सेक्रेटरी हल्ली जिन्यानेच उतरतात.

काका सत्तरी ओलांडलेले. रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "वेळ खंय होतो?" रविवारी सकाळी गच्चीवर मुलामुलींना लाठी शिकवायची, हा त्यांचा सगळा संसार.

पण समोर बाई उभी राहिली, की हाच वाघ काठी खाली ठेवायचा आणि हात जोडून म्हणायचा, "हरलो! पुढची!" चौथ्या मजल्यावरच्या साठेआजींनी एकदा कबुतर हाकलायला आपली टेकायची काठी उचलली. काका समोरून येत होते. त्यांनी तिथल्या तिथे हार पत्करली. आजी आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या, "दिगंबरला मी हरवलं बरं का!"

आम्ही हसायचो. जुनी माणसं, बाईवर हात उचलत नाहीत, झालं.

माझ्या सईला मात्र हसू येत नव्हतं. ती कॉलेजात आहे, काकांच्या वर्गात सगळ्यांत तयार. वर्गातल्या सगळ्या मुलांना तिने लोळवलंय. एका रविवारी तिने आपली लाठी काकांच्या पायाशी ठेवली.

"काका, मी पुढच्या रविवारपासून येत नाही."

"का गो बाय?"

"तुम्ही खोटं हरता. मग मी खरी जिंकणार कधी?"

घरी येऊन ती आपल्या जपानी कॉमिक्सच्या ढिगाऱ्यात जाऊन बसली. म्हणाली, "आई, यातल्या प्रत्येक तलवारवाल्याचा काहीतरी दुःखी भूतकाळ असतो. काकांचा काय आहे, विचार ना."

विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काका स्वतःच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी चहा ठेवला.

"शुभांगी, गावाक आमच्या शेजारी शशी होती," ते म्हणाले. "आम्ही एकाच वयाचे. लाठीत माका रोज झोडपायची. एकदा जत्रेत आमचा सामना लावला. तेव्हा तिचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडची माणसं पुढेच बसलेली. तिच्या बापाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तिने काठी अशी धरली, की लहान पोरानेही पाडली असती. मी जिंकलो. लोकांनी माका खांद्यावर घेऊन नाचवला. ती बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यानंतर तिने काठी धरली नाय."

"आता कुठे असतात त्या?"

"घाटकोपरला. लग्नकार्यात भेटतो कधी. बांगडे कसे दिले, एवढंच विचारतो एकमेकांना."

"म्हणून तुम्ही सगळ्या बायकांशी हरता?"

"वाटला, तेवढाच जरा बरा वाटात."

"पण काका, त्या मुद्दाम हरल्या ते तुम्हाला अजून सलतंय. मग आमच्या सईने काय करायचं?"

काका चहा तसाच ठेवून निघून गेले. मला वाटलं, आपण जास्तच बोललो.

पुढच्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात काका. "सई, लाठी घे. वर चल."

गच्चीवर गर्दी जमली. सेक्रेटरीसुद्धा आले, लिफ्टने. पहिला टोला सईच्या मनगटावर असा बसला, की माझ्याच तोंडून किंकाळी निघाली. "चूक खंय झाली, सांगू?" काकांनी विचारलं. मनगट चोळत सई म्हणाली, "नको. कळलं." आणि हसली. किती दिवसांनी!

मग बराच वेळ नुसता काठ्यांचा खडखडाट. काका मागे हटत नव्हते, सईही नाही. एकदा त्यांनी वार करायला काठी उचलली, आणि त्याच क्षणी सईची लाठी त्यांच्या खांद्यावर आदळली. ते धडपडत टाकीच्या कट्ट्यावर बसले. सईने लाठी टाकली. मी धावले.

"लागला गो!" काका खांदा धरून म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "खरा लागला!"

मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "शशीक लाव. माका चष्म्याशिवाय दिसत नाय."

मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून बाईचा आवाज आला, "कोण, दिगो? बरो आसस मां? सकाळी सकाळी?"

"शशी, आज एका चेडवान माका मारल्यान. खरोखर."

त्या म्हणाल्या, "डाव्या खांद्यार?"

काकांनी आमच्याकडे पाठ फिरवली.

"तुका कसा कळला?"

"अरे, काठी उचललंस की तो खांदो तू उघडो टाकतस. कितीदा सांगलंय तुका!"