पृथ्वीबद्दल आष्टीकरांचा अभिप्राय

"आता मी जे सांगणार हाय त्याच्यावर साहेब, तुमचा इश्वास बसणार न्हाई," मच्छिंद्र आबांनी आष्टीच्या चावडीत मांडी घालता घालताच सांगून टाकलं. "बसण्यासारखं असतं तर कुणीबी सांगितलं असतं. त्याला मी कशाला लागतो?"

मोजणीच्या तंट्यासाठी परतूरहून आलेले महसूल खात्याचे गिरदावरसाहेब दौत उघडून तयार होते. प्रकरण सरळ होतं. आबांचं शेत आणि गोजरबाईंचं शेत यांच्यामधला बांध चार हात गोजरबाईंच्या बाजूला गेला होता. चार हात रुंद आणि शेताइतकी लांब अशी काळी जमीन, आणि तीत आबांची जवारी कणसाला आलेली. आज जबाब पटला तर ती पट्टी आबांची. नाही पटला तर जवारीसकट गोजरबाईंची. गोजरबाई खांबाला टेकून, पदर सावरून ऐकत बसल्या होत्या.

आबांनी साक्षीला नरहर मास्तरांना आणलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांसाठी मास्तरांनी साध्या बोलीत विज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ते मारुतीच्या ओट्यावर त्यातला एक धडा वाचत आणि मग वही पुढे करून एकेकाचा अभिप्राय उतरवून घेत. दुसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला हे अभिप्राय छापायचे होते. आजवर चाळीस जमले होते. छापण्याजोगा एकच होता, आणि तो आबांचा होता.

"ह्या वहीतच पुरावा हाय," आबा म्हणाले. "वाचा मास्तर, पहिल्यापासून वाचा. गाव किती समजदार हाय ते साहेबांना कळू द्या."

मास्तरांनी घसा साफ केला. "दुर्गाबाई. 'सूर्य म्हणजे भोपळा, पृथ्वी म्हणजे मुगाचा दाणा, चंद्र म्हणजे मोहरी. जिनसा सगळ्या आल्या, पण फोडणी कधी द्यायची ते कुठंच सांगितलं न्हाई.'"

साहेबांनी मान डोलावली.

"रामकिसन. 'ऐकताना बिलकुल सगळं समजलं. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, तवा काहीच समजलेलं नव्हतं.' भुजंग. 'पृथ्वी फिरते हे लिहिणाऱ्याचं म्हणणं हाय. आपण उगी कशाला वैर घ्यावं?'"

"आता माझा वाचा."

मास्तरांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मच्छिंद्र. 'जमिनी सरकतात हा धडा अक्षर न् अक्षर बराबर हाय. लिहिणारा महाविद्वान हाय. माझ्या शेतात हेच होऊन राह्यलंय.'"

"झालं ते असं," आबा पुढे सरसावले. "दुपारची येळ. बांधाच्या कडंला भाकर सोडून बसलो होतो. पहिला घास घेतला तवा मी माझ्या शेतात. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, तर तांब्या गोजरबाईच्या शेतात. म्हणलं, मच्छिंद्रा, तुला ऊन लागलं. बैलांकडं पाह्यलं. ढवळा पाय रोवून उभा, उताराला गाडी लागल्यावर राहतो तसा. जनावर खोटं बोलत न्हाई साहेब. मंग मी बांधाला दोन्ही हातांनी धरलं अन् मागं ओढलं. म्हणलं, बाईमाणसाची जमीन हाय, पाप लागंल. पण अख्खी पृथ्वी सरकून राह्यली तिथं एकट्या माणसाचं काय चालतं? हात सोलून निघाले. वण अजून हायेत. हे बघा."

आबांनी तळवे दाखवले. वण होते हे खरं. कुदळ फार दिवसांनी हातात धरली की तळवे सोलतातच.

"मास्तर," साहेबांनी विचारलं, "किताबीत हे लिहिलंय?"

मास्तरांनी वहीकडे पाहिलं. चाळीस अभिप्राय, आणि त्यात 'महाविद्वान' हा शब्द एकदाच.

"जमिनी सरकतात असं काही विद्वानांचं मत आहे," ते जपून म्हणाले. "वर्षाला फार तर बोटभर."

"चोवीस बोटांचा हात. चार हातांची शहाण्णव बोटं," साहेब म्हणाले. "म्हणजे शहाण्णव वर्षं लागतात, आबा."

"लागलीच ना," आबा जरासुद्धा न अडखळता म्हणाले. "आमच्या आज्यापासून सरकून राह्यलाय तो. त्या दिवशी माझ्यासमोर फक्त शेवटचं बोट सरकलं."

साहेबांनी थोडा विचार केला, टाक दौतीत बुडवला आणि "कुदरती सबब", म्हणजे निसर्गाचीच करणी, असं पुटपुटत लिहायला घेतलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"साहेब, जरा थांबा," गोजरबाई म्हणाल्या. "आबा, खोटं बोलून राह्यले तुम्ही. जमीन सरकली म्हणता, मंग बांधावरची बोर का न्हाई सरकली? बांध आला चार हात माझ्याकडं, अन् बोर एकटीच मागं, तुमच्या जवारीत उभी. तिची मुळं काय आभाळात हायेत?"

आबांनी तळवे हळूच मांडीखाली सारले. साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि मोजणीची साखळी काढायला सांगितली.

मास्तर मात्र वही घेऊन लगबगीनं गोजरबाईंपाशी गेले. "बाई, इतकं बारीक ध्यान देऊन ऐकणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. कोणत्या धड्यात उमगलं तुम्हांला हे?"

"कशाचा धडा, मास्तर," गोजरबाई म्हणाल्या. "सकाळी बोरं वेचायला गेल्ते."