ज्ञानदीप कॉलनीचं जलयोजन

माणसाला जगायला पाणी लागतं, हे आता शास्त्रानंही मान्य केलेलं आहे. ते नेमकं कोणत्या अर्थानं लागतं, याबद्दल मात्र जाणकारांत एकमत नाही. आणि एकमत नसताना कोणाला घाईघाईनं पाणी पाजणं हा शुद्ध बेजबाबदारपणा होय. अकोल्याची ज्ञानदीप कॉलनी कधीच बेजबाबदार नव्हती.

मे महिना होता. पारा सत्तेचाळिसाला टेकलेला. (सावलीत. उन्हात जाऊन मोजायला कोणी तयार झालं नाही.) कॉलनीच्या फाटकाशी भाजीवाले, भंगारवाले, धुण्याभांड्याच्या बाया थांबत आणि तहान लागली की कोणाच्याही दारात पाणी मागत. त्यांच्या तहानेत काही नियोजनच नव्हतं. म्हणून फाटकाजवळ पाणपोई काढायचं ठरलं. 'पाणपोई' हे नाव गरीब वाटतं म्हणून 'हायड्रेशन केंद्र' असं नाव पडलं, आणि अध्यक्षपद मोरोपंतांकडे आलं.

मोरोपंत रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर त्यांनी 'जलयोजन', म्हणजे मराठीतलं हायड्रेशन, हा धडा शिकवला होता आणि त्या शब्दावर त्यांचा जीव होता. कोणी तो सैल वापरला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई त्यामुळे घरात पाण्याला पाणीच म्हणत.

पहिल्या बैठकीला मोरोपंतांनी मोरचूद नेलं. निळे खडे त्यांनी परीक्षानळीत तापवले. त्यांची पांढरी भुकटी झाली. मग वर पाण्याचे थेंब टाकले. भुकटी पुन्हा निळी झाली.

"याला म्हणतात जलयोजन," ते गहिवरून म्हणाले. "पाण्याचा रेणू पदार्थाशी बांधला जातो. घटाघटा पिणं म्हणजे जलयोजन नव्हे."

टाळ्या पडल्या. मग सौंदर्यतज्ज्ञ वर्षाली उठल्या. त्यांच्या मते हायड्रेशन हा त्वचेचा विषय होता. पोटात गेलेलं पाणी चेहऱ्यापर्यंत पोचतं याची काहीही हमी नसल्यानं भाजीवाल्यांना पाण्याऐवजी गुलाबपाण्याचा फवारा द्यावा, असं त्यांनी सुचवलं. सगळ्यात शेवटी बांधकाम अभियंता मनोज बोलला. "सर, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी घेऊन घट्ट होतं. आमच्यात यालाच हायड्रेशन म्हणतात."

तिघांचंही बरोबर होतं. बैठकांना शोभा येते ती यानेच.

सर्वेक्षणही झालं. फाटकावरच्या ब्याऐंशी टक्के लोकांना तहान लागते असं आढळलं. (उरलेले अठरा टक्के उत्तर देण्याआधीच सावलीकडे निघून गेले.) पुढे गोंधळ नको म्हणून मोरोपंतांनी नियम केला: समितीत ज्याने 'पाणी' म्हटलं, त्याने कोणत्या अर्थानं ते आधी सांगायचं.

रांजण ठेवायला आधी ओटा हवा होता. मनोजने तो असा बांधला की त्यावर रांजण काय, रणगाडा उभा राहिला असता. आता ओट्याचं हायड्रेशन सुरू झालं. ओल्या गोणपाटांत त्याला गुंडाळलं आणि कॉलनीत येणाऱ्या टँकरचा पहिला हक्क त्याला मिळाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याच्यावर पाणी पडू लागलं. जिल्ह्यात त्या महिन्यात इतकं पाणी कोणाही रहिवाशाला मिळालं नसेल.

बाळापूरकडून भाजी आणणारी शकुन हे रोज बघायची. एका दुपारी तिनं गाडी लावली आणि विचारलं, "काहून जी सर, हे पानी पेयाचं हाय का निसतं पाहाचं?"

"हे ओट्याचं पाणी आहे, शकुन. ओट्याचं पूर्ण झालं की मग तुमचं."

"ओट्याले तहान लागते?"

"तहान नव्हे. जलयोजन."

शकुननं मान हलवली, आपल्या बाटलीतलं कोमट पाणी तोंडात ओतलं, उरलेलं सांबार-पालकाच्या जुड्यांवर शिंपडलं आणि ती गेली. मोरोपंतांना तिची कीव आली. तिला अर्थांतला फरक कळत नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी मोरोपंत भर दुपारी बंद गळ्याचा कोट घालून उभे राहिले. व्याख्येपासून सुरुवात करणं भागच होतं. ते स्फटिकांवरून क्षारांवर आले, क्षारांवरून आयनांवर. आणि आयनांभोवती पाण्याचे रेणू कसे कोंडाळं करतात हे सांगत असताना त्यांना समोरचं कोंडाळं फिरताना दिसलं. जीभ टाळूला चिकटली. जन्मभर जपलेला शब्द शोधायला गेले, तो सापडेना. तोंडून एवढंच आलं, "पाणी..."

मनोजने वाकून आदरानं विचारलं, "कोणत्या अर्थानं, सर?"

मोरोपंत कोसळले.

कॉलनीत मोठीच धावपळ झाली. वर्षालींनी त्यांच्या गालांवर गुलाबपाणी फवारलं. गाल खरोखरच टवटवीत दिसू लागले, मोरोपंत तेवढे डोळे उघडेनात. तेवढ्यात शकुन गर्दीतून घुसली. ऊन लागलेल्या पालकाचं ती जे करायची तेच तिनं केलं: ओट्यासाठी भरून ठेवलेली बादली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली आणि ओट्यावरचं ओलं गोणपाट ओढलं.

"ते नको!" मनोज दुसरं टोक धरून ओरडला. "मध्येच उघडं पडलं तर तडे जातील!"

"कोनाले, सरले का ओट्याले?"

मनोजला हा प्रश्न संदिग्ध वाटला. तो विचार करीत असताना शकुननं गोणपाट हिसकलं, मोरोपंतांना त्यात गुंडाळलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी थोडं थोडं त्यांच्या ओठांना लावलं. मोरोपंतांनी डोळे उघडले. त्या कोमट, प्लॅस्टिकचा वास येणाऱ्या घोटाची व्याख्या करावी असं त्यांना त्या क्षणी वाटलं नाही. ते फक्त म्हणाले, "आणखी."

दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर 'डिहायड्रेशन' लिहिलं. मोरोपंतांना तेवढ्यात हुशारी आली होती. "हा शब्द चूक आहे, डॉक्टर. डिहायड्रेशन म्हणजे रेणूतून पाणी काढणं. मला नुसता घाम आला."

"मग यांना काहीच झालेलं नाही," अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या. "ही सलाईन शेजारच्या खाटेवर लावा."

मोरोपंतांनी सलाईनसाठी हात पुढे केला आणि शब्द चुकीचाच राहू दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं त्यांच्या ओळखीचे सांगतात.

घरी आल्यावर त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि आपल्या दारात एक माठ ठेवला. पाटी लावली नाही. पहिला पेला शकुनला दिला. कॉलनीनं आठवड्याच्या आत त्यांना नोटीस धाडली: सदर पाणी अनधिकृत असून त्याचा अर्थ नमूद केलेला नाही. मोरोपंतांनी नोटीस दुमडून डगमगणाऱ्या माठाखाली सारली. माठ स्थिर झाला.

हायड्रेशन केंद्रही उत्तम चाललं आहे. ओट्याला एकही तडा नाही. अमरावतीच्या एका कॉलनीचं शिष्टमंडळ तो अभ्यासायला आलं होतं. त्यांनी ओट्याला टेकून आपापल्या बाटल्यांतलं पाणी प्यायलं आणि फार समाधान व्यक्त केलं. रांजण अजून यायचा आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला ज्ञानदीप कॉलनीचं हसू येणं साहजिक आहे. तुमची गोष्ट वेगळी आहे. परवा भर दुपारी तुमचं पार्सल घेऊन एक माणूस तीन जिने चढून आला, शर्ट पाठीला चिकटलेला, दाराशी धापा टाकत उभा राहिला. तुम्ही त्याला मुळीच ताटकळत ठेवलं नाही. दार फटीएवढं उघडून ओटीपी ताबडतोब सांगितलात, आणि तोही अगदी बरोबर.