बारीकरावांचं अतिशुद्ध पाणी

"बाबा, फक्त एक आठवडा द्या मला! पुढच्या रविवारी ही रेकॉर्ड अशी वाजेल, की सासूबाईंनी श्वास कुठे घेतला तेसुद्धा ऐकू येईल!"

बारीकरावांनी हे वाक्य सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून, छातीवर हात ठेवून उच्चारलं, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला आपलं शिलाई मशीन आठवलं. नवऱ्याने 'फक्त एक आठवडा' म्हणून हातात घेतलेलं ते मशीन अजून पलंगाखाली तुकड्यांनी पडलं होतं.

बारीकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. देहाने म्हणाल तर ते चांगले ऐसपैस होते. पण छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी, त्यामुळे दिवसभर डोळ्याला भिंग. घरी आल्यावर भिंग खिशात जाई, नजर मात्र तशीच राही. शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाटीचा खिळा तिरका आहे, हे शेजाऱ्यांना त्यांनीच सांगितलं होतं. दोनदा! सासुरवाडीने त्यांचं हे नाव ठेवलं ते उगाच नाही.

आता त्या रेकॉर्डबद्दल सांगायला हवं. सासूबाई तरुणपणी सुरेख गात. सासऱ्यांच्या हट्टाखातर त्यांनी एकदा ध्वनिमुद्रणाच्या दुकानात जाऊन एक गाणं म्हटलं, आणि दुकानदाराने त्याची तिथल्या तिथे रेकॉर्ड कोरून दिली. एकच गाणं, एकच प्रत. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि सासरे अजूनही दर रविवारी सकाळी ती रेकॉर्ड लावत. पण वाजूनवाजून तिच्यात अशी खरखर शिरली होती, की गाणं कमी आणि कढईतलं तेल जास्त ऐकू येई.

सासऱ्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. बंद खोक्यात एकट्याने काम करून करून बोलणं मोजकंच. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाचं कौतुक एकदाच केलं होतं. "वेळेवर आलात," असं म्हणाले होते. दुसऱ्यांदा कौतुक व्हावं म्हणून बारीकराव किती वर्षं जिवाचं रान करत होते, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक!

सासऱ्यांनी रेकॉर्ड कापडात गुंडाळून दिली. पण हात लगेच सुटला नाही.

"जावईबापू, जपून. तिचा आवाज आता एवढाच उरलाय."

हे ऐकल्यावर खरं तर कुणीही रेकॉर्ड तिथेच ठेवून घरी गेलं असतं. बारीकराव ती घेऊन घरी गेले.

"धुवायचं काय, कोणीही धुवेल!" त्यांनी त्याच संध्याकाळी बायकोला आणि आपल्या आईला समोर बसवून सांगितलं. "प्रश्न पाण्याचा आहे! रेकॉर्डवरची रेघ केसाहून बारीक. पाणी वाळलं, की त्यातला क्षार त्या रेघेत बसतो. मग सुई त्याच्यावर आपटते. म्हणजे खरखर काढायला गेलो आणि नवी भरून ठेवली!"

"मग उकळून घे की," आई म्हणाली.

"आई! उकळून क्षार जात नाहीत! किटलीच्या बुडाला काय चिकटतं ते बघितलंयस का कधी?"

"बघितलंय ना. मीच घासते ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको केस विंचरायला आरशासमोर गेली आणि किंचाळली. आरशाला गोवर आला होता! नळाचं, उकळलेलं, स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं, दुकानातल्या बाटलीचं, अशा नाना पाण्यांचे थेंब बारीकरावांनी आरसा आडवा करून त्याच्यावर वाळत घातले होते.

"पुसू नकोस! प्रयोग चालू आहे!"

"अहो, मी ऑफिसला जाऊ कशी?"

"अंदाजाने विंचर!"

भिंगातून बघितलं तर प्रत्येक थेंबाने मागे पांढरा डाग सोडलेला. फिल्टरच्या पाण्यानेसुद्धा! ज्या पाण्यावर आपण इतकी वर्षं विश्वास टाकला, त्याने असा दगा द्यावा? बारीकरावांना मोठाच धक्का बसला. त्या दिवशी छापखान्यात त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी ते थेट बॅटरीच्या दुकानात शिरले.

"डिस्टिल्ड वॉटर आहे?"

"आहे की," दुकानदाराने कॅन काउंटरवर ठेवला. "गाडी कुठली?"

"गाडी नाहीये माझ्याकडे."

"मग इन्व्हर्टरला का?"

"नाही हो. सासूबाईंसाठी हवंय."

दुकानदाराचा हात कॅनवरच थांबला. "सासूबाईंसाठी?"

"म्हणजे त्यांच्या आवाजासाठी. फार खरखरतो. म्हटलं, एकदाचा धुऊनच टाकावा."

"अहो साहेब, डॉक्टरकडे न्या त्यांना!"

"आता कसला डॉक्टर! त्या जाऊन सहा वर्षं झाली."

दुकानदाराने कॅन हळूच आपल्याकडे ओढून घेतला. तो परत मिळवायला बारीकरावांना रेकॉर्डची सगळी हकीगत सांगावी लागली. तरी ते बाहेर पडेपर्यंत दुकानदार त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला नाही.

कॅनवर भल्यामोठ्या बॅटरीचं चित्र होतं आणि तिच्यातून वीज चमकत होती. हे बायकोने बघितलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून बारीकरावांनी जिन्यातच ते वेष्टण खरवडून काढलं. घरात शिरताना म्हणाले, "खास मागवलंय!"

एक थेंब आरशावर ठेवला. वाळला. भिंग लावलं. डाग नाही! मागमूस नाही! तिथे थेंब होता की नव्हता, हेच सांगता येईना. बारीकरावांनी बायकोचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं. मग त्यांनी एक मोठी काचेची बरणी घासूनपुसून घेतली, कॅनमधलं पाणी तिच्यात ओतलं, आणि छापखान्यातल्या सवयीने टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून वर चिकटवली : 'अतिशुद्ध'. जेवताना पुन्हा भाषण झालं. "या घरात याच्यापेक्षा शुद्ध काही नाही! पाणी असावं तर असं!"

दोघी मन लावून ऐकत होत्या. बारीकरावांचं बोलणं त्या घरात मन लावून ऐकण्याची ही पहिलीच वेळ, आणि सगळा घोटाळा त्यानेच केला!

रविवार उजाडला. सासरे अकराला येणार होते, आणि छापखान्यातल्या एकाकडून मागून आणलेलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र बाहेरच्या खोलीत मांडून तयार होतं. बारीकरावांनी दहा वाजता बाह्या सरसावल्या. मऊ ब्रशने रेकॉर्ड गोल गोल घासली, साबणाचा फेस काढला, आणि मग अतिशुद्ध पाण्याची अख्खी बरणी तिच्यावर धारेने रिकामी केली. रेकॉर्ड भांड्यांच्या जाळीत उभी करून ते शीळ घालत दाढीला बसले.

दाढी करून येऊन बघतात तो रेकॉर्ड पांढरी! खडू फासलेल्या पाटीसारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत!

बारीकरावांनी वाकून डोळ्याला भिंग लावलं. तिचा आवाज आता एवढाच उरलाय, आणि तोही...! त्यांनी बरणी नाकाशी नेली. पुदिन्याचा वास!

"आई!" ते ओरडले. "या बरणीला कोणी हात लावला?"

"मी," आई शांतपणे म्हणाली. तिची कवळी लखलखत होती. "रात्री दात ठेवले होते त्यात. कवळी धुवायची गोळी टाकून."

"दात?! माझ्या अतिशुद्ध पाण्यात?"

"तूच म्हणालास ना, या घरात त्याच्यापेक्षा शुद्ध काही नाही? मग दात काय नळाच्या पाण्यात ठेवू? सकाळी काढून घेतले, पाणी तसंच ठेवलं. एक थेंब सांडला नाही हो!"

बारीकराव मटकन खाली बसले. आईच्या दातांची गोळी आपण सासूबाईंच्या गाण्यावर ओतली! आता एकच उपाय. कॅनच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्याने पुन्हा धुवायचं. ते स्वयंपाकघरात धावले. कॅन ओट्यावर उताणा पडलेला!

"यातलं पाणी कुठे गेलं?"

"बाबा आलेत ना आत्ताच," बायको कौतुकाने म्हणाली. "म्हटलं त्यांनाही द्यावं चांगलं पाणी. शेवटचं एक भांडंभर निघालं, तेच दिलं."

"अगं, ते बॅटरीचं पाणी आहे!"

हे शब्द तोंडातून गेले आणि मग बारीकरावांना कळलं, की आपण काय बोलून बसलो. बायकोचे डोळे पांढरे झाले. "बॅटरीचं?" एवढंच म्हणून ती बाहेरच्या खोलीत झेपावली. सासरे खुर्चीत बसून भांडं तोंडाला लावत होते. तिने ते हिसकावून घेतलं आणि खिडकीकडे धावली.

"फेकू नकोस!" बारीकराव किंचाळले. "एक थेंब फेकू नकोस!"

बायको जागच्या जागी थिजली.

"अहो... माझ्या बापाच्या पोटात बॅटरीचं पाणी गेलंय, आणि तुम्हाला उरलेलं हवंय?"

याला काय उत्तर द्यावं? खरं उत्तर 'हो' होतं. बारीकरावांनी ते दिलं नाही, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ वाचता आलं. बायकोने भांडं बारीकरावांच्या आईच्या हातात कोंबलं आणि ती रडत जिना उतरली. "बाबांना बॅटरीचं पाणी पाजलं हो!" हे तिचे शब्द सगळ्या मजल्यांनी ऐकले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अशा धावत वर आल्या.

"आजोबा, घशात जळजळ होतेय?"

"नाही."

"पोटात काही होतंय?"

"भूक लागलीये."

"पाणी कसलं होतं नेमकं?"

"डिस्टिल्ड," बारीकराव कोपऱ्यातून पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या खुर्चीत बसल्या. "अहो, मग बॅटरीत घालायच्या आधीचं म्हणा ना! घोटभर गेलं तर काही होत नाही. चव लागत नाही, एवढंच."

"ते मला जाणवलं," सासरे म्हणाले. "पण लेकीच्या घरी पाण्याला कशी नावं ठेवायची?"

जीव भांड्यात पडला सगळ्यांचा. पण तेवढ्यात सासऱ्यांची नजर आत जाळीत उभ्या असलेल्या पांढऱ्याफटक रेकॉर्डवर गेली, आणि त्यांचा चेहराही तिच्यासारखाच झाला. ते उठले. जाळीसमोर जाऊन उभे राहिले. ते ओरडले असते तर बारीकरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं : क्षार, आरसा, दुकान, दात. आणि आता दुसरं शुद्ध पाणी नाही, रविवारचं दुकान बंद, हेही.

सासऱ्यांनी विहीणबाईंच्या हातातलं भांडं घेतलं आणि जावयापुढे धरलं.

"हे आहे की."

"पण बाबा, हे... हे तुमचं उष्टं!" बारीकरावांना शुद्धतेचा शेवटचा उमाळा आला.

"चाळीस वर्षं तिला चाललं," सासरे म्हणाले. "आता न चालायला काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्ड तिरकी धरली, बायकोने खाली परात धरली, आणि बारीकरावांनी धार सोडली. पांढरं उतरत गेलं. मग सगळे जण रेकॉर्डभोवती उभे राहून वर्तमानपत्रांनी वारा घालायला लागले. वाळल्यावर बारीकरावांनी भिंग लावलं, खूप वेळ बघितलं, आणि सुई ठेवली.

खरखर नाही! क्षणभर वाटलं यंत्रच बंद आहे. आणि मग सासूबाई गायला लागल्या. अगदी खोलीत उभं राहून गाताहेत अशा! दुसऱ्या ओळीआधी त्यांनी श्वास घेतला, तोसुद्धा ऐकू आला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. सासरे हाताची घडी घालून, डोळे मिटून बसले होते. बारीकरावांची छाती हळूहळू फुगायला लागली.

गाणं संपलं. एरवी सासरे इथे लगेच सुई उचलत; पुढे काही असेल, असं त्यांना पहिल्या दिवसापासून कधी वाटलंच नव्हतं. पण मुद्रित तपासणारा माणूस शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतो! बारीकरावांनी सुई तशीच राहू दिली. आणि त्या नितळ शांततेत सासूबाई बोलल्या :

"झालं? बंद केलंत ना यंत्र? हुश्श! काय मेलं रडकं गाणं! मला नाही हो आवडत अजिबात. पण आमच्या ह्यांना हेच हवं होतं. त्यांना नका सांगू हं! एकदा ऐकतील आणि ठेवून देतील कपाटात!"

खट्. रेकॉर्ड संपली.

डॉक्टरीणबाई छताकडे बघायला लागल्या. विहीणबाईंनी जबडा आवळून धरला. बारीकरावांना वाटलं, परातीतलं ते पाणी पिऊन टाकावं.

"दर रविवारी," सासरे सावकाश म्हणाले. "लग्न झाल्यापासून दर रविवारी लावली मी. समोर बसायची. डोळे मिटून. मला वाटायचं, रमलीये."

त्यांचे खांदे हलायला लागले. लेक घाबरून "बाबा!" म्हणत धावली. पण बाबा हसत होते! हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, तरी थांबेनात.

"'काय मेलं'! ऐकलंस ना? अशीच बोलायची गं ती! गाताना काय, कुणीही गोड गातं. ही... ही घरातली आहे! सहा वर्षांनी घरात बोलली!" त्यांनी चष्मा पुसला. "जावईबापू, सुई मागे घ्या. गाणं नको. त्याच्या पुढचं लावा."

बारीकरावांनी लावलं. पुन्हा लावलं. जेवायच्या वेळेपर्यंत 'काय मेलं रडकं गाणं' डॉक्टरीणबाईंनासुद्धा पाठ झालं, आणि दर वेळी सासरे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत राहिले.

संध्याकाळी रेकॉर्ड छातीशी धरून ते निघाले. बारीकराव दारापर्यंत गेले, जिन्यापर्यंत गेले, शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच.

"बाबा, झाला ना आवाज स्वच्छ?"

सासरे दोन पायऱ्या उतरून थांबले. त्यांनी विचार केला.

"झाला," ते म्हणाले. "जरा जास्तच झाला!"