फौजाबादच्या फौजेतला गैरहजर शिपाई

विषय : शिधापत्रिकेवरील एक नाव कमी न करणेबाबत.
लिहून देणार : मी, बाबुराव, अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण परतूरच्या तहसील कचेरीसमोरचे लिंबाचे झाड, राहणार आष्टी.
ज्यांच्याविषयी लिहून देतो : अंकुशराव, वय साठीच्या पुढे, माजी होमगार्ड, माझे शेजारी.
घटनेचा दिवस : पोळ्यानंतरचा पहिला बाजारवार, सकाळची वेळ.
साक्षीदार : एक, गयाबाई भ्रतार अंकुशराव. दोन, पुरवठा शाखेचे कारकून. तीन, मी स्वतः. चौथी साक्षीदार एक शेळी असून तिची जबानी घेण्यात आलेली नाही.

वाचकांस सविनय कळवितो की, माझ्या घराच्या उजव्या अंगाला एक स्वतंत्र देश आहे. भारत सरकारला त्याची कल्पना नाही. ग्रामपंचायतीला आहे, परंतु ती घरपट्टी घेऊन गप्प बसते. देशाचे नाव फौजाबाद. दोन पत्र्याच्या खोल्या, अंगण, न्हाणी व एक शेवग्याचे झाड एवढा त्याचा मुलूख. चुना मारलेल्या विटांची ओळ ही सरहद्द. फाटकाच्या जागी आडवा बांबू आहे. तो दोरीने वर जातो, आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय जात नाही.

"आजचा शब्द?" अंकुशराव दोरी धरून विचारतात.

"वांगं," मी म्हणतो.

"कालचा झाला तो. दुश्मन बी कालचाच शब्द घेऊन येतो, बाबुराव."

तेवढ्यात आतून गयाबाई ओरडतात, "चवळी हाय आज, भाऊजी! या आत!" घरात जी भाजी शिजते तोच परवलीचा शब्द. दुसरा कोणताही शब्द गयाबाईंच्या ध्यानात राहत नाही, म्हणून तशी दुरुस्ती करावी लागली.

या देशाची राज्यघटना तोंडी आहे. अंकुशराव सरसेनापती. गयाबाई रसदमंत्री, आणि दुसरे कोणी नसल्यामुळे विरोधी पक्षही त्याच. शेळी हे घोडदळ. नमस्कार बंद, सलाम चालू. चपला एका रेषेत, टाचा घराकडे व अंगठे सरहद्दीकडे, म्हणजे हल्ला झाल्यास पाय घालून थेट निघता यावे. दसऱ्याला खुरपे, विळा, टॉर्च व होमगार्डची जुनी काठी यांचे शस्त्रपूजन होते. सकाळी देशाची निम्मी लोकसंख्या परेड करते आणि निम्मी चूल पेटवते.

एकदा दूध उतू गेले. सरसेनापतींनी जागेवरच कोर्ट भरविले आणि रसदमंत्र्यांना शेवग्याभोवती तीन चकरांची सजा फर्मावली.

"मारते की चकरा," गयाबाई म्हणाल्या. "मंग च्या बी तुम्हीच करा, भाकरी बी तुम्हीच थापा, आन् ह्या घोडदळाच्या लेंड्या बी तुम्हीच झाडा."

सजा जागच्या जागी माफ झाली.

इथवर आमची गल्ली हसते. दिवेलागणीला गिनती होते तेव्हा मात्र हसत नाही. अंकुशराव अंगणाच्या मधोमध ताठ उभे राहतात.

"सरसेनापती!" आणि स्वतःच उत्तर देतात, "हाजिर!"

"रसदमंत्री!"

"हाय की. कुठं जाती मी?"

"शिपाई दीपक!"

मग अंकुशराव आवाज खाली घेऊन म्हणतात, "ड्यूटीवर." गयाबाई आत जातात.

दीपक हा त्यांचा एकुलता एक मुलगा. अंकुशरावांना स्वतःला फौजेत जायचे होते, ते जमले नाही. जत्रेच्या आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात त्यांनी ती हौस भागविली आणि उरलेली मुलावर सोपविली. मुलगा जालन्याच्या भरतीत पळण्यात पास झाला, छातीच्या मापात कमी पडला. फार नव्हे, थोडाच कमी. परंतु पुढच्या भरतीला वय बसत नव्हते. तो जालन्याहून परत आला तेव्हा अंकुशराव खाकी घालून आमच्या गल्लीच्या चौकात उभे होते आणि चार माणसे भोवती होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "वर्दी अंगावर येईस्तोवर ह्या घरात पाय ठेवू नको." हे वाक्य मी माझ्या ओट्यावरून ऐकलेले आहे. मुलाने पाणीसुद्धा मागितले नाही. पिशवी तशीच खांद्यावर ठेवून तो आल्या वाटेने गेला. फोन बंद झाला. हरवल्याची तक्रार मीच लिहिली. तिचा पुढे तपास लागला नाही.

पुढल्या पावसाळ्याआधी फौजाबाद स्थापन झाले. मी कारण विचारले तेव्हा अंकुशरावांनी शिंप्याचा टेप काढून माझीच छाती मोजली. ती पहिलवानाएवढी भरली. माझ्या छातीची मला कल्पना असल्यामुळे मी टेप निरखून पाहिला. सुरुवातीचे दोन बोटांचे टोक कात्रीने कापलेले होते.

"ह्या फौजेत कोनी नापास होत न्हाई," ते म्हणाले. "पोरगं आलं की भरती करून घेतो. वर्दी शिवून ठेवली हाय. माझा शब्द बी राहतो आन् त्याचा पाय बी घरात पडतो."

म्हणजे स्वतःचे एक वाक्य मागे घेता येईना, म्हणून या माणसाने एक देश उभा केला.

आता घटनेकडे येतो. त्या बाजारवारी पुरवठा शाखेचे कारकून शिधापत्रिका तपासत आमच्या गल्लीत आले. मी तोंडओळखीमुळे सोबत होतो. अंकुशरावांनी परवलीचा शब्द विचारल्यावर कारकुनाने माझ्याकडे पाहिले, मी "दोडका" म्हणालो, आणि बांबू वर गेला.

"काका, कार्डावर तीन नावं आहेत. माणसं दोनच दिसतात. हा दीपक कुठं आहे?"

"ड्यूटीवर."

"कुठल्या?"

"सरहद्दीवर."

कारकून भला माणूस. आवाज बदलून म्हणाला, "मिलिटरीत आहे? मग तसा कागद दाखवा. तिकडं रेशन मिळतं म्हणून इथलं नाव कमी करावं लागेल."

"आन् मिलिटरीत नसला तर?"

"मग समोर उभा करा. नाही तर नाव कमीच होईल."

मुलगा फौजेत म्हटला तरी नाव जाणार, नाही म्हटला तरी जाणार. सरसेनापतींपुढे असा पेच याआधी आलेला नव्हता.

"सांगा की वो खरं," गयाबाई दारातून म्हणाल्या. "साहेब, फौजेत न्हाई गेला तो. ह्यांनी हाकलला. चार मानसांत हाकलला."

अंकुशरावांनी सलाम न करता हात जोडले.

"साहेब, त्याचं धान्य आमाला नको. एक दाना नको. फक्त नाव राहू द्या. उद्या पोरगं आलं आन् म्हनलं, मी ह्या घरातला हाय का न्हाई, तर मी त्याला काय दाखवू?"

कारकुनाने पेन खिशाला लावले. "अर्ज द्या. मी वर पाठवतो. पण खोटं लिहू नका."

अर्ज माझ्या ओट्यावर लिहिला गेला. अंकुशरावांनी सुरुवात केली, "फौजाबाद सरकार हुकूम देते की..."

"तहसीलदारांस हुकूम देता येत नाही," मी म्हणालो. "मुलाशी नाते सांगा."

"सरसेनापती."

"ते नात्याच्या रकान्यात बसत नाही."

त्यांनी रकाना बोटाने मोजून पाहिला. मग म्हणाले, "बाप लिहा." मी रीतीप्रमाणे 'वडील' लिहिले.

"आन् कारन लिहा. पोरगं हरवलेलं न्हाई. बापानं घराबाहेर काढलं."

अर्जात स्वतःविरुद्ध लिहून देण्याची पद्धत नाही, असे मी त्यांना बजावले.

"लिहा म्हनलं ना."

मी लिहिले. सही करून झाल्यावरही ते उठले नाहीत. "खाली दोन ओळी त्याच्यासाठी टाका."

"कोणत्या पत्त्यावर?"

"पत्ता आसता तर तुमच्याकडं कशाला आल्तो, बाबुराव?"

बिनपत्त्याचा मजकूर कचेरी घेत नाही. म्हणून तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. मी त्याची सुरुवात 'शिपाई दीपक यास हुकूम देण्यात येतो की' अशी केली होती. त्यांनी माझा हात धरला.

"हुकूम नको. हुकमानंच गेला तो. विनंती लिहा."

सबब विनंती की, दीपक नावाचा, पळताना मान किंचित डावीकडे झुकविणारा मुलगा कोणास कोठे कामावर, मुक्कामावर अथवा रस्त्यात आढळल्यास त्यास कळवावे : वर्दी नसली तरी घरी यावे, अशी वडिलांची विनंती आहे. आईचे डोळे आता अधू झाले आहेत, अक्षर दिसत नाही. तरी उत्तर लेखी न पाठविता समक्ष येऊन द्यावे.

कळावे.